घरचं पेट्रोल

माधवनगर
९ मार्च १९७५

ज्योतिबा,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन आला तेव्हा मी एका ट्रकखाली होतो. हात ग्रीसचे, म्हणून पाकीट दातानं फाडलं. अक्षर बघून आधी वाटलं, तसंच परत पाठवावं. पण वाचलं. दोनदा वाचलं.

तू लिहितोस, ‘झालं गेलं विसरून तू माझ्या आईसाठी धावत आलास, तुझे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत.’ सात जन्म मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. मला याच जन्मातलं बोलायचं आहे. दोन पानांत ‘उपकार’ हा शब्द चार वेळा आलाय. ‘रॉकेल’ एकदाही नाही.

झालं गेलं म्हणजे काय झालं आणि काय गेलं? तू विसरला असशील तर मी लिहितो.

त्र्याहत्तर साली तुझ्या मामेभावानं, लालासाहेबानं, मुंबईच्या लिलावातनं ती जपानी गाडी आणली. कुठल्यातरी वकिलातीत वापरलेली. सगळं बुधगाव बघायला लोटलं. रस्त्याला लागली की पाणी वाहिल्यागत जायची, आवाज म्हणून नाही. पण उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची. आरसे थरथरायचे, मग खोकून बंद पडायची. सांगलीचे तीन मिस्त्री येऊन गेले, कोल्हापूरचा एक आला. सगळ्यांचं एकच, परदेशी गाडी हाय, भारी पेट्रोल घाला. लालासाहेबानं भारीतलं भारी घातलं. हुडहुडी काही जाईना.

तेव्हा तूच त्याला म्हणालास, ‘माझ्याबरोबर फौजेत इंजिनं उघडायला एक गडी होता, त्याला बोलवा.’ मला त्या दारात तूच नेलंस. तेही मी विसरलेलो नाही.

गाडीबरोबरच्या पुस्तकातल्या इंजिनाच्या चित्रात दट्ट्याच, पिस्टनच नाही हे बघून मी दिवसभर नुसता बसून राहिलो होतो. तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी गोळा, तो आत गरगर फिरतो, बस्स. ते पुस्तक सांगलीच्या कॉलेजातल्या एका मास्तरांकडनं वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, या इंजिनाला भारी पेट्रोलाची गरज नाही, साधं चालतं. मी चारी प्लग साफ केले, कार्बोरेटर धुतला, उभ्या गाडीची चाल जराशी वाढवून दिली. आणि लालासाहेबाला सांगितलं, ‘साधंच पेट्रोल घाला. फक्त स्वच्छ पायजे. आन् गावातल्या गावात फिरवू नका, आठवड्यातनं एकदा मोठ्या रस्त्याला पळवा.’

तो हसला. ‘म्हंजे गरिबाच्या पोटाची निघाली म्हणायची!’

सहा महिने गाडी तलम चालली. उभी असताना चालू आहे का बंद, ते हात लावून बघावं लागायचं.

मग पेट्रोलचा भाव भडकला. लालासाहेबानं सांगलीत भरायचं सोडलं. साताऱ्याजवळ हायवेवर त्याचा स्वतःचा पंप, तिथं मॅनेजर तू. बॅरल भरून बुधगावला यायचं, गोठ्याशेजारच्या खोपटात ठेवायचं, त्यातनं गाडीत. घरचं तूप म्हणावं तसं तो म्हणायचा, ‘आमचं घरचं पेट्रोल हाय.’

गेल्या जूनमध्ये ड्रायव्हर केरबा मला बोलवायला आला. गाडी पुन्हा हुडहुडायला लागली होती. मी मागच्या नळीला नाक लावलं आणि वासावरनं मला कळलं, पेट्रोलात रॉकेल आहे. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. तूही सुट्टीवर आला होतास, पायरीवर बसला होतास. मी बॅरलमधलं चार थेंब कोऱ्या कागदावर टाकलं आणि कागद उन्हात धरला. पेट्रोल उडून गेलं, तेलकट डाग राहिला. कागद मी सगळ्यांना दाखवला.

लालासाहेब तुझ्याकडं वळला. ‘ज्योतिबा, आपलं पेट्रोल चोख हाय का न्हाई?’

तू माझ्याकडं बघितलंस. नीट बघितलंस. आणि म्हणालास, ‘चोख हाय. ह्यानं इंजिन उघडलं तवापासनं बिघडलंय.’

मी ते इंजिन कधी उघडलंच नव्हतं, ज्योतिबा. प्लग काढणं म्हणजे इंजिन उघडणं नव्हे. हे त्या अंगणात मी सोडून एकाच माणसाला कळत होतं, आणि तो तू होतास.

गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, ‘कुणालाबी हात लावू दिला की असंच हुतंय.’ ‘कुणालाबी’ म्हणजे कुणाला, ते तुला समजलं होतं. तू पायरीवरची माती नखानं उकरत बसलास.

तेव्हापासून बुधगावची एक मोटार, एक ट्रॅक्टर माझ्या दारात आलेला नाही. पंजाबातल्या वर्कशॉपात तुझी-माझी एकच हत्यारपेटी होती, बारा वर्षं. इथं येऊन एक वाक्य तुला माझ्यासाठी बोलता आलं नाही.

म्हणून उपकाराचं लिहू नकोस. त्या दिवशी रेल्वे फाटकापाशी मी आलो, गाडी चालू केली, तुझ्या आईला मिरजेला नेलं. तेवढंच. त्याबद्दल पुन्हा काही विचारू नकोस.

आकाराम


माधवनगर
२७ एप्रिल १९७५

ज्योतिबा,

विचारू नकोस म्हटलं तरी तू विचारलंस. ठीक आहे.

आधी रॉकेलचं. अखेर तू तो शब्द लिहिलास. ‘मालकाचा हुकूम होता, मी नोकर माणूस. पंपाखाली टाकी एकच, घरच्या बॅरलला वेगळं कुठनं आणू?’ हे मला पटतं. न पटायला काय झालं, आपण दोघंही हुकमावर जगलेली माणसं. पण पुढचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. लालासाहेबाला तू विचारलं होतंस म्हणे, की हे आपल्या गाडीत जाईल त्याचं काय. आणि तो म्हणाला, ‘आकारामनंच सांगितलंया, तिला साधं चालतं. साधं पचवती तर थोडं रॉकेल बी पचवंल.’

म्हणजे माझंच सांगणं माझ्या गळ्यात. ‘फक्त स्वच्छ पायजे’ हे तेवढं त्याच्या कानात शिरलं नाही. आणि अंगणात त्यानं तुला जे विचारलं, ते उत्तर ठाऊक असून विचारलं. त्याला फक्त तुझ्या तोंडून ‘चोख’ ऐकवायचं होतं, लोकांना.

आता तुझा प्रश्न. ‘शालू म्हणते, गाडी फाटकापाशी तासभर उभी होती. एवढा वेळ कसा लागला?’

कसा लागला ते सांगतो. तू साताऱ्यात होतास, तुला सगळं दुसऱ्याच्या तोंडून कळलंय.

सकाळी तुझ्या आईनं शेणकुटाच्या ढिगात हात घातला आणि नाग चावला. लालासाहेबाची ती सख्खी आत्या, त्यानं लगेच गाडी दिली. त्यात त्याला नावं ठेवायची नाहीत. केरबा चालवायला, मागं तुझी शालूबाई सासूचं डोकं मांडीवर घेऊन. माधवनगरच्या फाटकापाशी आले तर फाटक बंद. मालगाडी यायची होती. पुढं फाटक, मागं साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग. मागं वळता येईना, पुढं जाता येईना. गाडी जागेवर चालू ठेवून थांबली.

चांगल्या पेट्रोलवर ती तास न् तास अशी थांबली असती. पण रॉकेल पेट्रोलासारखं उडत नाही. पळत्या गाडीत ते कसंबसं जळून जातं. उभ्या गाडीत इंजिनाची चाल मंद, धग कमी, ते प्लगवर साचत जातं. प्लग ओले झाले, गाडी हुडहुडली, खोकली, बंद पडली. घाबऱ्या माणसाचा पाय ऍक्सिलरेटरवर जातो. केरबानं पाय दाबून दाबून स्टार्टर मारला, आत आणखी ओतलं गेलं, इंजिन पार भिजून बसलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, गाडी जागची हलेना. बॅटरी उतरत गेली.

असा वेळ लागला. तुझ्या हातानं मिसळलेलं तुझ्या आईच्या आडवं आलं. मिरजेच्या डॉक्टरनं शालूबाईला सांगितलं, ‘अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर सुई लागू पडली असती.’ हे मी तिथं उभं राहून ऐकलंय. तो अर्धा तास कुठं गेला हे तू मला विचारतोस? तुझ्या टाकीत बघ.

मी पोचलो, मग पंधरा मिनिटांत गाडी चालू झाली. पंधरा मिनिटांचं काम होतं ते.

तुझ्या आईबद्दल तू लिहिलंयस ते वाचवेना. आपण पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा तिनं मला पडवीत वाढलं होतं, वेगळ्या ताटलीत. मी मान खाली घालून जेवलो, तूही बोलला नाहीस. पासष्टच्या लढाईहून परतलो तेव्हा तीच बाई दारात आली, माझ्या मनगटाला धरलं आणि सगळ्या गल्लीदेखत आत चुलीपुढं नेऊन बसवलं. ‘माझी दोन पोरं आली,’ म्हणाली. शेजारच्या रंगुबाईनं नाक मुरडलं तर तिला म्हणाली, ‘तुला नसंल जेवायचं तर तू जेवू नगं.’ ती एकटी बोलली, ज्योतिबा. अडाणी बाई. तू सातवी पास.

पुरे. एक ट्रक खोलून ठेवलाय, तो जोडायचाय.

आकाराम


माधवनगर
१८ ऑगस्ट १९७५

ज्योतिबा,

आज सकाळपासून तिघं येऊन गेले. बुधगावचा बाळासो ट्रॅक्टर घेऊन आला, वर्षानं. म्हणाला, ‘मिस्त्री, आमचं चुकलं.’ त्याच्याकडनं कळलं, की तू साताऱ्यात कलेक्टर कचेरीतल्या साहेबापुढं भेसळीचं लेखी दिलंस. पंपाला सील लागलं. लालासाहेब मुंबईला वकिलाच्या पायऱ्या झिजवतोय. तुझी नोकरी गेली, भाऊबंदांनी तुला टाकलं. आणि परवा तू गावात चावडीपुढं उभा राहून सांगितलंस, की आकारामचं काही चुकलं नव्हतं, मीच खोटं बोललो.

मी खूश व्हावं अशी तुझी अपेक्षा असेल.

मला एवढंच सांग, जून महिन्यात आणीबाणी लागली, भेसळवाले धरून आत टाकायला लागले, आणि नेमकं जुलैत तुला खरं आठवलं? गेल्या वर्षी त्याच गावात, त्याच माणसांपुढं, फक्त तोंड उघडायचं होतं. तेव्हा उघडलं असतंस तर ते बॅरल त्याच दिवशी गटारात ओतलं गेलं असतं. तुझी आई आज शेणी थापत असती. आता साहेब दारात आल्यावर खरं बोलणारा तू. अशा खऱ्याला मी

२० ऑगस्ट, तेच पत्र पुढं

वरचं वाक्य अर्धं राहिलं कारण शालूबाई आली. ते पूर्ण करत नाही. खोडतही नाही. मी काय लिहीत होतो ते तुला दिसू दे.

ती एकटी आली होती, बुधगावहून चालत. गॅरेजच्या दारात उभी राहिली. मी स्टूल पुसून दिलं, तर बसेना. म्हणाली, ‘भावजी, तुमास्नी एक सांगायला आलीया. त्ये साहेब कुणी दारात आलं न्हवतं. ह्येच गेलं आपल्या पायानं.’

मी म्हणालो, ‘मग आत्ताच का गेला?’

‘उन्हाळ्यात घरी आलं तवा तुमचं पत्र खिशात हुतं. अर्ध्या तासाचं तुमी लिवलंय न्हवं, तेवढंच वाचत बसायचं. म्हनायचं, शालू, नागानं न्हाई, म्या मारली आईला. दोनदा हिरीवर जाऊन बसलं. दोन्ही बारीला म्या ओढून आणलं.’

मग ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. ‘तुमी तरी आला धावत. तुमी नसता तर तिचा जीव त्या फाटकातच गेला असता, बैलगाड्यांच्या पुढ्यात. त्येवढ्यासाठी आमी तुमचं उपकार इसरायचो न्हाई.’

ज्योतिबा, मी पाय मागं घेतला. तिला वाटलं, अजून राग आहे. ती रडत गेली.

आता ऐक. मी धावत आलो नाही.

त्या सकाळी केरबा माझ्याकडं दोनदा आला. शालूबाईला त्यातलं एकाच वेळचं खरं ठाऊक आहे. फाटकापासून माझं गॅरेज केवढं लांब, हाक मारली तर ऐकू येईल. गाडी बंद पडल्यावर पाचच मिनिटांत तो पळत आला. मी चहा पीत बसलो होतो.

‘आवं मिस्त्री, गाडी फाटकात बंद पडलीया. चला बिगीबिगी.’

मी म्हणालो, ‘ज्यानं इंजिन बिघडवलं त्याला कशाला बोलावतोस? घरचं पेट्रोल हाय न्हवं? मग चालंल की.’

तो हात जोडायला लागला. ‘तसं नगा करू. गाडीत म्हातारी हाय, दवाखान्यात न्यायचीया. लय घाबरी झालीया.’

म्हातारी हे मी ऐकलं. नीट ऐकलं. लालासाहेबाची गाडी, तेव्हा मला वाटलं त्याची आई, जाईबाई. मनात आलं, बरं झालं. कळू दे त्याला. आणि मी केरबाला म्हणालो, ‘मग बसू दे तिला घरच्या पेट्रोलवर.’

असं बोललो मी. तो माघारी पळाला. मी चहा संपवला. दुसरा मागवला. स्टार्टरचा आवाज येत होता, घर्र घर्र, दर वेळी आधीपेक्षा मंद. आवाजावरनं मला कळत होतं आत काय चाललंय, चारी प्लग कसे भिजलेत, काय केलं म्हणजे सुटेल. फौजेत शत्रूच्या ट्रकचं इंजिनसुद्धा मी असं ऐकत बसलो नसतो. तिथं ऐकत बसलो. बरं वाटत होतं, ज्योतिबा. आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

मग केरबा दुसऱ्यांदा आला. तो रडत होता. ‘बनुआत्या हाय वो गाडीत! ज्योतिबाची आई! नाग चावलाय!’

तेव्हा धावलो. सायकलीच्या कॅरियरला बॅटरी बांधली, स्वच्छ पेट्रोलचा डबा घेतला. चारी प्लग काढले, कागद पेटवून त्यावर शेकले, आतलं सगळं फुंकून बाहेर काढलं, थेंब थेंब ऑइल सोडलं, प्लग बसवले, डब्यातलं पेट्रोल कार्बोरेटरला दिलं. गाडी लागली. केरबाला बाजूला बसवून मीच चालवली. मिरजेपर्यंत ऍक्सिलरेटरवरनं पाय उचलला नाही.

आणि तो अर्धा तास. डॉक्टर म्हणाला तो. तुला मी लिहिलं, तुझ्या टाकीत बघ. तो तुझ्या टाकीत नव्हता. गाडी बंद पडली ती तुझ्यामुळं, ते तुझं तू सांभाळ, त्यातनं मी तुला सोडवत नाही. पण बंद पडलेली गाडी पंधरा मिनिटांत चालू होणार होती. पुढचा अर्धा तास माझा आहे. मी तो चहाबरोबर प्यालो.

केरबानं हे कुणाला सांगितलं नाही. शालूबाईला म्हणाला, मिस्त्री पहिल्यांदा सापडला नाही. नंतर मला म्हणाला, ‘तुमी बी पोळला हुता, मिस्त्री. म्या काय बोलत न्हाई.’ सहा महिने मी त्याच्या त्या न बोलण्याखाली राहिलो आणि तुला बोल लावणारी पत्रं लिहिली. तू वीस माणसांपुढं एक वाक्य खोटं बोललास. मी दोन पत्रं भरून खरं खरं लिहिलं आणि त्यातलं एवढंच वगळलं.

आणि मला वाटलेली जाईबाई असती तरी तीही कुणाची आईच होती. हे मला कुणी सांगायला नको होतं. मनगट धरून चुलीपुढं नेणारीनं तेच तर शिकवलं होतं.

तू चावडीपुढं उभा राहिलास. मला तेवढं धाडस नाही. हे पत्र शालूबाईला वाचून दाखव. मग चावडीवर वाच, नाहीतर चुलीत घाल. पण विहिरीवर जाऊन बसू नकोस.

एक राहिलं. ते तुला सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. ती शेवटी काय बोलली, असं तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नव्हतं.

मिरजेच्या अलीकडं तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. शालूबाई ओक्साबोक्शी रडत होती, तिला काही ऐकू आलं नाही. मी पुढं बसून चालवत होतो. मागनं आवाज आला, ‘कोण चालवतंय?’

मी म्हणालो, ‘आई, मी. आकाराम.’

ती म्हणाली, ‘आलास व्हय रं. मला ठावं हुतं, तुला कळलं की तू बसून ऱ्हायाचा न्हाईस.’

मी ‘व्हय’ म्हणालो.

आकाराम